घट पाझरला पाहिजे

कुंडीतल्या मातीवर पांढरा थर आला होता. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा, खडबडीत. नखाने तो खरवडला आणि बोट जिभेला लावलं. खारट. मिठाचा खडाच चाखावा इतकं खारट.

१९९८ सालचा जून. मस्कतला येऊन आम्हाला आठ महिने झाले होते. शहराच्या पश्चिमेला सीब नावाचं जुनं गाव आहे, समुद्राच्या कडेने खजुराच्या वाड्या असलेलं. तिथल्या एका बंगल्याचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला होता. मागे तीस फूट लांब, बारा फूट रुंद अंगण. ऑक्टोबरमध्ये त्या घरात पाय टाकला आणि मी हरखूनच गेले, कारण ठाण्यात माझ्या वाट्याला इतकी जमीन कधी आलीच नव्हती. आठवड्याभरात कुंड्या आणल्या, मेथी पेरली, टोमॅटो लावले, मोगरा लावला, तुळस लावली. हिवाळाभर सगळं असं तरारून आलं की मी आईला पत्रात लिहिलं, ‘इथली जमीन सोन्यासारखी आहे.’

मग एप्रिल आला. मे आला. जूनच्या त्या सकाळी साडेसहा वाजता माझ्यासमोर सतरा कुंड्या होत्या आणि त्यातल्या चौदा गेलेल्या होत्या. पानं कडेने तपकिरी होत होत कुरकुरीत झालेली, हात लावला की चुरा. मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. एक दिवस चुकवला नव्हता. तापातल्या लेकराच्या उशाशी बसावं तशी मी त्या कुंड्यांशी बसत होते, आणि तरी ती गेली.

मी वाढले ठाण्यात, नौपाड्यात. आमच्या वाड्यात मोरीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू यायचं. कोणी लावलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. विहिरीच्या कठड्याला नेचे फुटायचे, कौलांवर पिंपळ उगवायचा आणि दरवर्षी तो उपटायला माणूस बोलवावा लागायचा. बागकाम म्हणजे वाढलेलं आवरणं, एवढंच मला माहीत. ठाण्याला वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मस्कतला सुमारे शंभर. हे आकडे मी पुढे वाचले. त्या सकाळी मला फक्त जिभेवरचं मीठ कळत होतं.

फोन महाग होता, म्हणून आम्ही शुक्रवारी सुटीच्या दिवशी नेरुळला घरी फोन करायचो. त्या शुक्रवारी नवऱ्याचं बोलणं झाल्यावर मी रिसीव्हर घेतला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. साताऱ्याचा तो कोरडा पूर्वभाग, पाऊस दाराशी येऊन परत फिरतो असा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. आणि त्याच वर्षी परड्यातली एक लिंबोणी जगवली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कशी जगवली ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “दिसातनं दोनदा वरच्यावर पाणी घालून मुळं वरच ऱ्हात्यात पोरी. ऊन लागलं की शिजत्यात. मुळाला खाली जायला लाव.”

“म्हणजे काय करू, आई?”

“घट बसवतीस न्हवं दरसालाला?”

“हो.”

“मग घटाच्या धान्याला पाणी कोण घालतंय?”

मी गप्पच झाले. लग्न झाल्यापासून दर नवरात्रात मी घट बसवत होते. पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, तिच्यात धान्य मिसळायचं, मधोमध मातीचा घट पाण्याने भरून ठेवायचा. आमच्या घरात धान्याला वरून थेंबभरही पाणी घालत नाहीत. घट पाझरतो, माती ओली राहते, आणि नवव्या दिवशी वीतभर पिवळसर कोंब उभे असतात. घट नवा आणायचा, भाजलेला पण रंग न दिलेला, आणि आणताना सासूबाई तो कानाशी धरून बोटाने वाजवून बघायच्या. “घट पाझरला पायजे,” असं म्हणायच्या. मी ते देवाचं म्हणून ऐकायचे. ते पाण्याचंही आहे हे मला अरबस्तानच्या टोकाला जाऊन, चौदा झाडं घालवल्यावर कळलं.

लिंबोणी तशीच जगली होती. तिच्या बुडापासून हातभर अंतरावर दोन मडकी गळ्यापर्यंत पुरलेली, तोंडावर खापर ठेवलेलं. चार दिवसांनी एकदा भरायची, तेही भांडी विसळलेल्या पाण्याने.

ओमानमध्ये मडकी मिळायला अडचण नव्हती. बहला नावाचं गाव तिथे कुंभारकामासाठीच प्रसिद्ध आहे. पाणी गार करायची तिथली मडकी बिनझिलईची असतात, आपल्या माठासारखीच. पाच मडकी आणली. त्यांच्यासाठी खड्डे खणताना पहिल्यांदा मला आमच्या अंगणाची खरी माती दिसली. वरच्या चार बोटांत मी घातलेलं खत आणि ओल. खाली फुटभर कोरडी ठणठणीत वाळू, जिला माझ्या आठ महिन्यांच्या पाण्यातलं काही पोचलंच नव्हतं. सगळी मुळं त्या चार बोटांत गोळा होऊन बसलेली, आणि नेमकी तीच चार बोटं दिवसभर तापत होती.

मिठाचं कोडंही तिथेच सुटलं. बागेच्या नळाला विहिरीचं पाणी होतं. त्या सगळ्या बातिना किनाऱ्यावर पंपांनी इतका उपसा झालाय की समुद्राचं पाणी जमिनीतून आत सरकलंय आणि पुष्कळ विहिरी मचूळ झाल्यात. असं पाणी थोडं थोडं घालत राहिलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. रोज थोडं थोडं. त्यावर उपाय ऐकायला उलटा वाटतो: पाणी कमी वेळा घालायचं, पण घालू तेव्हा इतकं की कुंडीच्या बुडातून भळाभळा वाहावं आणि मीठ धुऊन न्यावं. मी आठवड्यातून दोनदा तसं पाणी द्यायला लागले आणि मडकी माझ्या मागे आपलं काम करत राहिली. मडक्याची गंमत अशी की त्याला हिशोब कळतो. माती कोरडी असली की ती ओल ओढून घेते आणि मडकं लवकर रिकामं होतं, ओली असली की मडकं भरलेलंच राहतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी लिखाणातही पुरलेल्या मडक्याची ही रीत आहे, हे मी पुढे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. कोणा एकाची नसलेली, जिथे जिथे पाणी कमी तिथे तिथे माणसाला सुचलेली गोष्ट.

पण पाण्याने अर्धंच काम झालं. जुलैत मडक्यांजवळची झाडंही मान टाकू लागली.

आखातातला उन्हाळा न पाहिलेल्याला तो नुसत्या आकड्याने कळत नाही. पंचेचाळीस अंश हा आकडा विदर्भातल्या माणसाला नवा नाही. फरक रात्रीचा. किनाऱ्यावर रात्रही उतरत नाही. मस्कतच्या जवळच्या कुरियात गावात २०१८ च्या जूनमध्ये चोवीस तासांतलं सगळ्यात कमी तापमान ४२.६ अंश होतं, जगात नोंदल्या गेलेल्या सगळ्यात उष्ण किमानांपैकी एक. झाड रात्री दिवसभराची झीज भरून काढतं, त्याला तिथे वेळच मिळत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की उन्हाळ्यात सगळेच लोक घरातला गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याचा नळ सोडून त्यातून गार पाणी घेतात. टाकी उन्हात, गीझर घरात, म्हणून. आणि अंगणात पडलेला पाईप! सकाळी आठ वाजता तो उचलून तोंड झाडाकडे केलं की पहिलं बादलीभर पाणी चहा करण्याजोगं. माझ्या किती झाडांना मी असं उकळतं पाणी पाजलं असेल, याचा विचार आजही त्रास देतो. मग रात्री बादल्या भरून जिन्याखाली सावलीत ठेवायला लागले आणि उजाडायच्या आत पाणी घालायला लागले.

त्या ऑगस्टमध्ये नवऱ्याचं काम निझव्याला, ओमानच्या आतल्या भागातल्या जुन्या शहरात, निघालं आणि मी सोबत गेले. तिथे मी पहिल्यांदा फलज पाहिला.

फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली लागलेलं पाणी, बोगद्यातून आणि मग उघड्या पाटातून, पंप न लावता, नुसत्या उतारावर वस्तीपर्यंत आणलेलं. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार अजून वाहतात. त्यातल्या पाचांना २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, निझव्याचा फलज दारिस त्यातलाच. पाणी वस्तीत शिरतं तिथे आधी प्यायचं, मग अंघोळीचं आणि मशिदीचं, आणि मग वाड्यांचं. वाडीवाल्यांचा हिस्सा वेळेत मोजलेला असतो. जुनी रीत अशी की दिवसा घड्याळ म्हणजे जमिनीत रोवलेल्या काठीची सावली, रात्री चांदण्या. मला आपली फड पद्धत आठवली. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवरचे बंधारे, त्यावरची पाण्याची पाळी, ती सांभाळणारा पाटकरी. दुसऱ्याची पाळी झाल्याशिवाय आपलं दार उघडायचं नाही, ही शिस्त इतक्या दूरच्या दोन मुलुखांत सारखीच.

पण मी थांबले ती पाण्यापाशी नाही. पाटाच्या कडेने चालत आम्ही वाडीत शिरलो आणि माझ्या दंडावरचं ऊन एकदम निघून गेलं. बाहेर रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते आणि आत, पन्नास पावलांवर, ओल्या मातीचा वास येत होता. वर खजूर. पन्नास-साठ फुटांवर झावळ्यांचं छत, मांडवाच्या जाळीसारखं, ऊन गाळून खाली सोडणारं. खजुराच्या खाली लिंबू, डाळिंब, केळी. आणि लिंबाच्याही खाली, जमिनीलगत, गुडघ्याएवढी हिरवीगार लसूणघास. ती बघून मला हसूच आलं, कारण तीच लसूणघास सासरी म्हशीला घालायचे. अरबांत खजुराबद्दल म्हण आहे, पाय पाण्यात आणि डोकं आगीत. आग खजुराने डोक्यावर घेतली म्हणून खालचं सगळं जगलं होतं. एक चित्तगांवकडचा म्हातारा मजूर पाटाचं दगडी दार सरकवत होता. त्याला मी मोडक्या हिंदीत माझ्या झाडांचं सांगितलं. त्याने विचारलं, “ऊपर क्या है?” मी म्हटलं, वर काही नाही, आकाश आहे. त्याने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून मी कोणाचंही झाड वाळलं की पाण्याआधी हेच विचारते, वर काय आहे?

घरी आल्यावर मी अंगणाकडे नव्या नजरेने पाहिलं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापायची आणि रात्री उशिरापर्यंत आपली धग कुंड्यांवर ओकत राहायची. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसायचा. आतल्या मुळांचं काय होत असेल! भिंतीपासून कुंड्या हलवल्या. प्रत्येक लहान कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली आणि ती वाळू ओली ठेवायला लागले. वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली. मात्र जाळीवर माझा जीव कधी रमला नाही, मला जिवंत सावली हवी होती. शेवग्याच्या दोन फांद्या पश्चिमेला रोवल्या. शेवगा वाळवंटात असा वाढतो की विश्वास बसत नाही. वर्षभरात तो भिंतीच्या वर गेला, आणि त्याची बारीक पानं खजुरासारखंच ऊन गाळून सोडू लागली. त्याच्या खाली लिंबू, लिंबाच्या खाली कढीपत्ता आणि मोगरा, आणि सगळ्यात खाली गवती चहा. जमिनीवर खजुराच्या वाळक्या झावळ्या चिरून हातभर जाड आच्छादन. लिंबाच्या खोडाला चुना, गावाकडे लावतात तसा. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या मोगऱ्याने जूनमध्ये कळ्या धरल्या. संध्याकाळी वेचायला गेले तेव्हा शेजारची ओमानी बाई कुंपणापलीकडून हात पुढे करून उभी होती. तिच्या ओंजळीत मी कळ्या घातल्या आणि तिने मला तिच्या दारचा रेहान दिला. रेहान म्हणजे आपला सब्जा, तुळशीचा सख्खा भाऊ.

सगळ्यात अवघड होतं ते वर्षाचं तोंड फिरवणं. आपल्या अंगात जून म्हणजे पेरणी असं भिनलेलं असतं. तिथे जून म्हणजे झाडाने नुसतं तगून राहायचं. खत नाही, कारण खताने कोवळी फूट येते आणि ती जळते. छाटणी नाही. करपलेलं पानसुद्धा तोडायचं नाही, तेही मागच्या फांदीला सावली धरतं. मला सुरुवातीला हे फार जड गेलं. झाडाजवळ जायचं आणि काही करायचं नाही, हे बागेतलं मोठं काम असू शकतं हे पटायलाच दोन वर्षं गेली. टोमॅटोचंच घ्या. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्री पंचविशीच्या वर राहिला की त्याचा पराग निकामी होतो. फूल येतं, गळतं. तुम्ही कितीही पाणी घाला, खत घाला, फळ धरत नाही. तेच रोप सप्टेंबरअखेर लावलं तर डिसेंबर ते मार्च टोपलीभर देतं.

सप्टेंबरअखेर. म्हणजे नवरात्राच्या आसपास. मी घट बसवायचे त्याच आठवड्यात अंगणात बी पेरायला लागले. देव्हाऱ्यापाशी एक घट पाझरत असायचा आणि मागच्या दारी पाच मडकी. दसऱ्याला घटातले कोंब देवाला वाहून उरलेले मी मडक्यांच्या कडेला नेऊन लावायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत मेथी, कोथिंबीर, मुळा सगळं हाताला आलेलं असायचं आणि मस्कतमधली चार मराठी घरं आमच्या अंगणात लग्नाला यायची. त्या मंडपाला ऊस नसायचा, खजुराची झावळी असायची.

सणांचीच आणखी एक गोष्ट. ठाण्यात गणपतीच्या आदल्या दिवशी आई मला जांभळी नाक्यावर पत्री आणायला पाठवायची. एकवीस पत्रींच्या त्या जुडीत शमीची एक काडी असायची. बारीक पानांची, काटेरी, धुळकट. कुठलं झाड, कुठे वाढतं, कधी मनात आलं नाही. पांडवांनी शस्त्रं तिच्यावर लपवली, एवढं गोष्टीतून माहीत. ओमानमध्ये आत वाळवंटाकडे जाताना एकदा वाळूच्या सपाटीवर एकटंच झाड दिसलं, छत्रीसारखं, खाली तीन उंट बसलेले. गाडी थांबवून जवळ गेले. पान हातात घेतलं आणि आईच्या जुडीतली ती काडी डोळ्यांपुढे आली. तिथले लोक त्याला गाफ म्हणतात. राजस्थानात खेजडी. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी जिच्यासाठी जीव दिला ती हीच. संयुक्त अरब अमिरातीने २००८ साली राष्ट्रीय वृक्ष म्हणून निवडली तीही हीच. तिची मुळं पाण्याच्या शोधात खूप खोल उतरतात, तीस मीटरपर्यंतही, आणि म्हणून वर काही नसताना ती हिरवी असते. नेमकी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तिला नवी पालवी येते. मी त्या झाडाखाली उंटांच्या शेजारी बसले. एवढी सावली देणारं झाड माझ्या घरी वर्षातून एकदा काडीच्या रूपात येत होतं आणि मी ते निर्माल्यात टाकत होते.

२०१९ मध्ये आम्ही परत आलो. नेरुळच्या रो-हाऊसमध्ये, सासूबाईंच्या घरी. त्या तेव्हा नव्हत्या. मडकी गळ्यापर्यंत पुरून मी जगवलेली झाडं त्यांना कधी दाखवता आली नाहीत, फोटो तेवढे त्यांनी पाहिले होते, भिंग धरून.

गच्चीवर बाग मांडली आणि जुलैत ती कुजली. एकवीस वर्षं ओल धरून ठेवायला शिकलेले हात. मी सवयीने मातीत कोकोपीट, म्हणजे ओल धरणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर मिसळलेलं, प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवलेली. कोरफड जेलीसारखी झाली, लिंबाची मुळं काळी पडली. मी पन्हाळीखाली बादल्या लावून पावसाचं पाणी साठवत होते, एक बादली भरली की दुसरी, आणि नवरा दारात उभा राहून म्हणाला, “अगं, पुरे. इथे ते संपणार नाही.” मला रडू आलं, का ते सांगता येत नाही. पुढच्या वर्षी थाळ्या काढल्या, मातीत विटांचे तुकडे आणि वाळू घातली, कुंड्या विटांवर चढवल्या.

पण पाऊस चार महिन्यांचा. मार्चपासून पारसिकचे डोंगर तपकिरी होतात आणि आमच्या गच्चीची लादी अशी तापते की दुपारी अनवाणी पाऊल टाकवत नाही. पश्चिमेकडून समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतलेलं ऊन येतं. तेव्हा मी पुन्हा सीबच्या अंगणात असते. जाळी, आच्छादन, कुंडीत कुंडी, पहाटेचं पाणी. बेलापूरच्या बाजूच्या एका नर्सरीतून शमीही आणली, दोनदा फसून तिसऱ्यांदा खरी, कारण शमी म्हणून वेगळंच काटेरी झुडूप हातात ठेवतात. ती एका जुन्या पिंपात आहे. पावसाळ्यात ती नाराज असते, मेमध्ये मात्र तिच्या टोकांना पोपटी पालवी असते.

गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या घरात भाड्याने राहणारी मुलगी, नुकतंच लग्न झालेली, तुळशीची कुंडी पोटाशी धरून दारात आली. पानं सगळी गळलेली. नुसत्या काड्या.

“काकू, रोज दोन वेळा पाणी घालते हो. आईने लग्नात दिलेली आहे. आता तिला काय सांगू?”

तिच्या आवाजात ते होतं, जे मी सत्तावीस वर्षांपूर्वी फोनवर बोलले होते. तिला बसवलं. कुंडी खिडकीपाशी घेतली. मातीवर पांढरा थर. काड्या एकेक करून नखाने खरवडल्या, वरून खाली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. बुडापासून दोन बोटांवर साल निघाली आणि आत हिरवं दिसलं. केसाएवढी रेघ, पण ओली. मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं.

“वर काय आहे?” मी विचारलं.

“वर? पत्रा आहे, काकू. बाल्कनीचा.”

पत्र्याखालची बाल्कनी, पश्चिमेची. मी काही बोलले नाही. माळ्यावरून संक्रांतीची सुगडं काढली. दरवर्षी पाच येतात, वाण देऊन झालं की कोणाला टाकवत नाहीत, सगळ्यांच्या घरी माळ्यावर पडलेली असतात. एकावर हळदीकुंकवाची बोटं अजून होती. कानाशी धरून वाजवून बघितलं. मग तुळशीच्या कुंडीत कडेने खुरप्याने जागा केली, मुळं न दुखावता, आणि सुगड गळ्यापर्यंत बसवलं. कुंडीतून आधी बादलीभर पाणी जाऊ दिलं, मीठ निघून जावं म्हणून. सुगड भरलं, वर दिवाळीतली पणती पालथी घातली. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवायला सांगितली, जिथे सकाळचंच ऊन येतं.

“आणि वरून पाणी?”

“वरून नको. अजिबात.”

ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी दूध आत घेत होते, तर ती केस ओले, हातात पणती घेऊन समोर.

“काकू, सुगड रिकामं झालंय. सगळं पाणी गेलं. आत काहीच नाही.”

“गेलं नाही गं,” मी म्हटलं. “भर पुन्हा.”